बंदुकीवरचा मुकुट

वडिलांना जाऊन तीन महिने होत आले होते. संक्रांत नुकतीच झाली होती. जयपुरातल्या विद्याधर नगरच्या आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर अडकलेले पतंग अजून तसेच होते आणि सकाळचं धुकं त्यांच्यामधून हळूहळू वर सरकत होतं. अशा एका रविवारी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी फोन हातात घेऊन जिना उतरून खाली आली. ती नागपूरची. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि सुट्टी मिळाली की जुन्या हवेल्या, लहानमोठी संग्रहालयं पालथी घालते. वडिलांशी तिचं चांगलं जमायचं; ती त्यांना काका म्हणायची. ते तिला 'नागपूर एक्स्प्रेस' म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की मधल्या कुठल्याच स्टेशनवर थांबत नसे.

त्या दिवशी मात्र ती दारातच थांबली.

"ताई, रागावू नका न."

"काय झालं?"

"काल मी ठाकूरसाहेबांच्या हवेलीत गेली होती. काकांची चिठ्ठी लावली आहे न तिथं, त्या जुन्या रायफलीखाली?"

"बरं, मग?"

"त्या रायफलीवरचा मुकुट चुकला आहे."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काळसर लोखंड, त्यावर ओरखडे, आणि त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक मुकुट. "हे बघा. वरच्या कमानी मधोमध दबल्या आहेत, दोन खांदे वर आले आहेत. इंग्लंडच्या राजाच्या काळात मुकुट असा नव्हता काढत. तेव्हा तो वरून गोल राहते, घुमटासारखा. हा दबलेला आकार नंतरच्या राणीच्या वेळचा. आणि रायफल तर राजाच्या वेळची. मग हा ठसा त्या वेळचा कसा असेल?"

"फोटोत वाकडंतिकडं दिसतं कधीकधी."

"ताई, मी बारा फोटो काढले."

मी उठून चहा टाकला. चहा पिऊन ती वर गेली, जाताना म्हणाली, "कोणाला सांगणार नाही मी. पण तिथं कोणीही येऊन बघू शकते न."

ती म्हणाली ते खरं होतं. त्या चिठ्ठीत म्हटलं होतं की ठसे अस्सल आहेत. खाली त्यांची सही होती. ते त्यांनी दिलेलं शेवटचं मत. त्यानंतर त्यांनी कुठलीच बंदूक हातात घेतली नाही. त्यांचं शेवटचं मत खोटं होतं का, एवढं मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते जाणून घ्यायची मला भीती वाटत होती.

वडील फौजेत आर्मरर होते, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती करणारे. सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून अठराव्या वर्षी भरती झाले, सुभेदार म्हणून जयपूरहून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. आईला इथली कोरडी हवा मानवली होती, तेवढंच कारण. फौजेत असताना त्यांच्या हाताखालून हजारो रायफली गेल्या. जुन्या, लाकडी दस्त्याच्या, एकेक गोळी बोल्ट मागेपुढे करून भरायच्या रायफली त्यांच्या तरुणपणी नुकत्याच बाजूला पडत होत्या आणि कोतात, म्हणजे युनिटच्या शस्त्रांच्या कोठारात, त्यांच्या रांगा उभ्या असत. त्यांच्यावरचे ठसे वाचायला ते तिथे शिकले. निवृत्तीनंतर ही विद्या कामाला येईल असं त्यांनाही वाटलं नसेल. पण जयपुरात जुन्या घरांना तोटा नाही, आणि जुन्या घरांत भिंतीवर टांगलेल्या, नळी बुजवून ठाण्यात नोंद केलेल्या बंदुकांना तोटा नाही. कोणीतरी कोणाला तरी सांगायचं, आणि मग आमच्याकडे फोन यायचा. वडील इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. चहाखेरीज कुठे काही घेतलं नाही.

त्यांची पद्धत मी लहानपणापासून पाहिलेली. दस्त्याचं लाकूड जिथे संपतं आणि लोखंड सुरू होतं तिथे उजव्या अंगाला ठसे असतात. सर्वात वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव आणि वर्ष. ठसा मारला की लोखंड दबतं आणि दबलेलं लोखंड कडेने वर येतं, शेताच्या बांधासारखं. कारखान्यात ठसा मारल्यावर घासकाम व्हायचं आणि मग काळा मुलामा चढायचा, म्हणून खऱ्या ठशाची कड नखाला अडत नाही. मागाहून कोणी ठसा मारला असेल तर त्याची कड नखाला टोचते. वडील आधी डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख ठशावरून फिरवायचे. मग रायफल खिडकीशी नेऊन उजेड आडवा पडेल अशी धरायचे. कधी लोखंडावर तोंडाची वाफ सोडायचे. वाफेचा पांढरा पडदा क्षणभर धरायचा आणि विरायचा, आणि विरताना खोलगट जागा शेवटी उघड्या व्हायच्या. लहानपणी मला वाटायचं, ते बंदुकीच्या कानात काहीतरी सांगतात.

मी स्वतः पुस्तकात रमणारी. जयपूरच्याच झालाना भागातल्या एका संस्थेत ग्रंथपाल आहे. वडिलांनी एखाद्या ठशाबद्दल बोलायला सुरुवात केली की मी दुसऱ्या दिवशी त्याबद्दल छापलेलं काही मिळतं का ते शोधायची. ते हसायचे. "पुस्तक मीट आधी," म्हणायचे. "पुस्तकात काय हाय ते मला नको सांगू. हितं काय दिसतंय ते सांग." गेल्या दोनेक वर्षांत ते मला प्रत्येक ठिकाणी बरोबर नेऊ लागले. रायफल माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "वाच बघू." मी वाचायची. ते मान डोलवायचे. आई गेल्यावर बापलेकीच्या संसारात हा एक नवा खेळ सुरू झाला होता, आणि पन्नाशीला टेकलेली मी परीक्षा देणाऱ्या मुलीसारखी खूश व्हायची. वाटायचं, आपल्या मागे ही विद्या राहावी म्हणून ते मला शिकवतायत.

ठाकूरसाहेबांच्या हवेलीत आम्ही गेलो तो त्यातलाच एक दिवस. हवेली जुन्या शहरात, दुकानांच्या रांगेमागे. पुढचा भाग आता पाहुण्यांसाठी उघडा आहे आणि वरच्या मजल्यावर एक खोली शस्त्रांची. ठाकूरसाहेब ऐंशीच्या घरातले, पांढऱ्या मिशांचे, कानांनी थोडे कमी. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेतून समुद्रापार लढाईला गेले होते आणि ही रायफल त्यांची, असं घरात सांगत आले होते. पण लढाईवर गेलेली सरकारी रायफल असेल तर तिच्यावर सरकारचा मुकुट हवा, आणि तो खरा हवा. तेवढंच त्यांना वडिलांकडून ऐकायचं होतं.

त्या दिवसाचं मला खूप काही आठवतं. झरोक्याच्या लाल आणि निळ्या काचांमधून फरशीवर पडलेले रंगांचे तुकडे. खाली बाजारात कोणीतरी पितळ ठोकत होतं, त्याचा एकसारखा आवाज. वडील डोळे मिटून उभे, अंगठा लोखंडावर. "कड गुळगुळीत," ते म्हणाले. "नंबर नीट. बोल्टवर तोच नंबर. चांगली वापरलेली हाय." मग रायफल माझ्याकडे वळवली. "मुकुट कसा हाय?"

"गोल," मी म्हणाले. "घुमटासारखा."

"नक्की?"

"हो, बाबा."

त्यांनी रायफल खाली घेतली. मग ठाकूरसाहेबांकडे वळून म्हणाले, "अस्सल आहे, साहब." ठाकूरसाहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. चिठ्ठी तिथेच लिहिली. वडील सांगत गेले, मी हिंदीत लिहीत गेले, आणि शेवटी त्यांनी सही केली. डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेला टेकवून, त्या आधाराने. सही जरा वर चढत गेली.

हे सगळं मला आठवतं. तो मुकुट मात्र, तो जसा दिसला तसा, आठवतो की नाही, हे मला त्या रविवारी सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी कामावर मी ठशांबद्दलचं एक जाड पुस्तक काढलं. झालान्याला आमच्या इमारतीच्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे जंगल. दुपारी वाचक नसतात. मोर ओरडतात, माकडं गच्चीवर धावतात, आणि मधेच कोणीतरी सांगतं की काल भिंतीवर बिबट्या बसला होता. मी खिडकीपाशी बसून पान उघडलं. हवेलीत जायच्या आदल्या दुपारी मी हेच पान वाचलं होतं. माझी कागदाची खूण अजून आत होती. पानावर मुकुटांच्या आकृत्या होत्या. राजाच्या काळातला मुकुट, वरून गोल, स्वच्छ काळ्या रेषेत काढलेला.

मी डोळे मिटले आणि रायफलीवरचा मुकुट आठवून पाहिला. तो लगेच डोळ्यांसमोर आला. गोल, सुबक, काळ्या रेषेतला. आणि त्याच्या भोवती पांढरं होतं. ओरखडे नव्हते, लोखंड नव्हतं. माझ्या आठवणीतल्या मुकुटाच्या भोवती कागद होता.

मोर ओरडत होते. त्या दुपारी कोणी पुस्तक मागायला आलं असतं तर मला त्याचं बोलणं ऐकू आलं नसतं.

पण चूक माझी असेल तर वडिलांनी ती पकडायला हवी होती. परीक्षकाने उत्तर तपासायचं असतं. मी एखादा आकडा चुकले तर पूर्वी ते लगेच टोकायचे, हेही आठवत होतं. मग हे कसं निसटलं? घरी येऊन मी त्यांची वही काढली. पाहिलेल्या प्रत्येक बंदुकीची नोंद ते त्या वहीत ठेवायचे. आधीची पानं त्यांच्या बारीक, उभट अक्षरात. मग ते अक्षर मोठं होत गेलेलं. मग ओळी एकमेकींवर चढलेल्या, एका ठिकाणी तर आधीच्या लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलेलं. आणि त्यानंतर अक्षर माझं. दीड-दोन वर्षांची सगळी पानं माझ्या हाताची. "लिही तू, तुझं अक्षर चांगलं हाय," ते म्हणायचे, आणि मी लिहायची.

वहीच्या मागच्या कव्हरात घडी घातलेला डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद होता. अडीच वर्षांपूर्वीचा. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलेला आहे, कडेचं दिसत राहील, चष्म्याने फरक पडणार नाही, असं त्यावर इंग्रजीत होतं. मला त्यांनी तेव्हा सांगितलं होतं, "नंबर बदललाय थोडा."

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर जाऊन बसली. सकाळचं वर्तमानपत्र ते माझ्याकडून वाचून घ्यायचे, म्हणायचे, तुझा आवाज ऐकत चहा प्यायला बरं वाटतं. शब्दकोडी सोडवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघायचे, आणि मला वाटायचं, म्हातारपणी माणूस आपल्याच तंद्रीत असतो. रस्त्यावर नीट चालायचे, पायऱ्या नीट उतरायचे. कडेचं दिसत होतं ना. मधलं तेवढं नव्हतं. माझा चेहरा शेवटची दोन वर्षं त्यांच्यासाठी मधोमध विरलेला असणार, लोखंडावरच्या वाफेसारखा.

ती परीक्षा नव्हतीच. त्यांना दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं, म्हणून ते विचारायचे. "नक्की?" असं त्यांनी विचारलं ते मला पारखायला नव्हे. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आणि मी त्यांना पुस्तकातलं उत्तर दिलं.

रडू त्या संध्याकाळी आलं नाही. कूकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या, दोन माणसांचा भात केला आणि मग आठवलं की आता एकाचाच करायचा असतो. वरची मुलगी कामावरून आली तेव्हा तिला हाक मारून जेवायला बसवलं.

"काय झालं ताई? डोळे कसे दिसून राहिले तुमचे?"

मी तिला सगळं सांगितलं. ती एकदाही मधे बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मग आता? काकांचं नाव तसंच ठेवता की..."

"चिठ्ठीत खोटं आहे ते माझं आहे," मी म्हणाले. "त्यांच्या सहीखाली आहे एवढंच."

"ठाकूरसाहेबांना वाईट वाटेल न."

"हो."

"मी येऊ का सोबत?"

"नको. तू आलीस तर तूच बोलशील."

ती हसली. "तेही खरंच आहे म्हणा."

त्या शनिवारी सकाळी हवेली पाहुण्यांसाठी उघडायच्या आधी मी गेले. ठाकूरसाहेब चौकात उन्हाला बसले होते, खांद्यावर लाल रजई. ते माझ्याशी हिंदीतच बोलतात. मी इथे मराठीत लिहिते आहे, पण ते मला आदराने 'बाईसा' आणि वडिलांना 'सूबेदारसाहेब' म्हणतात तेवढं तसंच ठेवते.

"या बाईसा, या. सूबेदारसाहेबांच्या जागी आता तुम्ही. चहा सांगतो."

"आधी वर जाऊ या का? मला ती रायफल पुन्हा पाहायची आहे."

"पुन्हा? का बरं?"

"मागच्या वेळी मी नीट पाहिली नाही."

ते काठी टेकत माझ्याबरोबर वर आले. त्यांनी स्वतःच्या हाताने रायफल खाली घेतली आणि खिडकीशी धरली. ऊन आडवं येत होतं. मी चष्मा काढला, भिंग लावलं आणि पाहिलं. या वेळी काही आठवायचा प्रयत्न केला नाही. दोन खांदे, मधे खोलगा. नागपूरची मुलगी म्हणाली होती तसाच. कोणालाही दिसला असता. मला त्या दिवशीही दिसला असता.

मी त्यांना सांगितलं. मुकुट कोणत्या काळचा ते सांगितलं, आणि चिठ्ठीतलं ते वाक्य चुकीचं आहे हेही. त्यांच्या कानापाशी जाऊन, हळू आणि स्पष्ट. त्यांनी रायफल स्वतःच्या डोळ्यांपाशी नेली.

"म्हणजे सूबेदारसाहेबांनी चुकीचं पाहिलं?"

"त्यांनी पाहिलंच नाही. त्यांना दिसत नव्हतं. मी पाहिलं, आणि जे पुस्तकात होतं ते सांगितलं."

"त्यांना दिसत नव्हतं ते मला माहीत होतं," ठाकूरसाहेब म्हणाले.

मी भिंग खाली घेतलं.

"त्यांनी चहाचा कप उचलायच्या आधी बशीची कड बोटाने शोधली. माझे वडील शेवटी असंच करायचे. मी काही बोललो नाही. फौजी माणूस, बरोबर मुलगी. कशाला बोलायचं?"

"आणि तरी तुम्ही त्यांचं मत घेतलंत?"

"बाईसा, मला हो ऐकायचं होतं. त्यांनी हो म्हटलं. मी तेवढ्यावर थांबलो." मग मिशीवर हात फिरवत ते म्हणाले, "पण हा मुकुट खोटा म्हणू नका. खोटा कसा? हा आम्हीच काढून घेतला आहे."

मला कळेना. ते रायफल मांडीवर घेऊन खिडकीपाशीच्या बाकावर बसले आणि सांगायला लागले. दसऱ्याला घरातली सगळी शस्त्रं चौकात मांडायची, राख आणि लिंबू लावून घासायची, तेल लावायचं, टिळा लावायचा. आमच्याकडेही खंडेनवमीला कोयता, विळी पुजतात. पण यांच्याकडे हे काम मुलांचं, आणि मुलांमध्ये पैज, कोणाची तलवार जास्त चमकते. ही रायफल त्यांच्या वाट्याची. "मी घासघास घासायचो. माझ्या आधी माझे वडील घासायचे. एका वर्षी आजोबांनी हात फिरवला आणि म्हणाले, मुकुट कुठे गेला?"

"घासून गेला?"

"गेला. नंबर खोल होता, राहिला. मुकुट उथळ असावा. आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. मग वडिलांनी चांदीच्या शिक्क्यांचे ठप्पे करणारा एक कारागीर घरी बोलावला. तो या चौकात बसला होता, मला आठवतं. त्याने विचारलं, कसा मुकुट? घरात कोणाला नक्की सांगता येईना. तेव्हा विलायतेत नवी राणी गादीवर बसली होती आणि तिच्या मुकुटाचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा आमच्याकडे होता. वडिलांनी तो डबा त्याच्यापुढे ठेवला."

मला हसू आलं, आणि हसताना एकदम डोळे भरून आले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ठाकूरसाहेबांनी दुसरीकडे तोंड केलं.

"देवाच्या मूर्तीचा रंग उडाला तर आपण पुन्हा देतो ना?" ते म्हणाले. "मूर्ती खोटी होते का? मला यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी सूबेदारसाहेबांपासून लपवलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. त्यानंतरचे सत्तर दसरे तो नवा मुकुटही राख-लिंबाने घासला गेला होता. म्हणूनच त्याची कड माझ्या वडिलांच्या नखाला अडली नाही. बोटांना जे कळण्यासारखं होतं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"मग तो जुना मुकुट इथेच असेल," मी म्हणाले. "याच जागी."

"असायला हवा. बघा तुम्ही. काही राहिलं असेल तर."

त्यांचा आवाज बदलला होता. मी पुन्हा भिंग लावलं. त्यांनी रायफल तसूभर वळवली, मी थांबा म्हणाले, त्यांनी धरली. नव्या मुकुटाच्या थोडं वर, लोखंडाच्या राखाडी पाण्यात, मला एक वळण दिसल्यासारखं वाटलं. गोल. अर्ध्या घुमटासारखं. उजेड हलला की ते जायचं, पुन्हा यायचं. मी श्वास धरून पाहत राहिले. ते वळण खरं असेल तर आजोबांची रायफल खरी ठरत होती. आणि वडिलांनी दिलेलं 'अस्सल' हेही, माझी चूक असूनही, खरं ठरत होतं. मला ते दिसायला हवं होतं. इतकं हवं होतं की ते आता भिंग काढूनही दिसू लागलं.

"दिसतंय काही?" ठाकूरसाहेबांनी विचारलं.

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. आम्ही दोघंही त्याच शब्दाची वाट पाहत होतो.

"काहीतरी आहे," मी म्हणाले. "काय आहे ते मला सांगता येत नाही."

"मुकुट नाही?"

"असेल. किंवा घासल्याची रेघ असेल. मला मुकुट दिसायला हवा आहे, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही."

ते जरा चिडूनच म्हणाले, "सूबेदारसाहेब असते तर त्यांनी सांगितलं असतं."

"ते असते तर त्यांनी मलाच विचारलं असतं," मी म्हणाले. "आणि मी हेच सांगितलं असतं. आता तरी."

ठाकूरसाहेबांनी रायफल भिंतीवर परत लावली. वेळ लागला, मी मदत केली नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मग त्यांनी चौकटीतून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. "फाडा आणि नवी लिहा."

फाडायला मन होईना. नंबर, बोल्ट, वापर, बाकी सगळं वडिलांच्या बोटांनी पाहिलेलं त्या चिठ्ठीत होतं, आणि ते बरोबर होतं. फौजेच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी चूक करणाऱ्याने सही करायची. मी ठाकूरसाहेबांकडून पट्टी मागून घेतली. मुकुटाच्या वाक्यावरून रेघ मारली. खाली जागा होती तिथे लिहिलं, की हा मुकुट मूळचा नाही. मूळचा पूजेत घासून गेल्यावर घरच्यांनी तो पुन्हा करवून घेतला. त्याच्या वर जुन्या ठशाची खूण असू शकते, नक्की सांगता येत नाही. आधीचं वाचन माझं होतं.

ठाकूरसाहेबांनी कागद लांब धरून वाचला. "'घरच्यांनी' नको," ते म्हणाले. "'आजोबांसाठी' लिहा."

मी शब्द बदलला. त्यावरही रेघ, त्यावरही सही. ते बघून त्यांना गंमत वाटली. "किती सह्या कराल?"

"चुका होतील तितक्या."

शाई वाळायला त्यांनी कागद खिडकीत उन्हाला ठेवला आणि उडू नये म्हणून वर आपला चष्मा ठेवला. खाली दरवानाने मोठा दरवाजा उघडला. दिवसाचे पहिले पाहुणे आले होते. एका बाईने खालून मोठ्याने विचारलं, वर जायला जिना कुठून आहे. ठाकूरसाहेबांनी काठी घेतली आणि तिला सांगायला ते कठड्यापाशी गेले.